निपाणी : सीमेवरचे शहर, तिथली माणसे, शाळा आणि जातीचा दाखला

हिंजवडी आयटी पार्ककडे जाणारा रस्ता वाकडला ज्या महामार्गावरून फुटतो, तोच महामार्ग दक्षिणेला सातारा, कराड, कोल्हापूर, कागल करत साधारण पावणेतीनशे किलोमीटरवर निपाणीला पोचतो. हिंजवडी, माण, मारुंजी भागात भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुणांमध्ये निपाणी-चिकोडी भागातली मुले बरीच भेटतात. कोणी कंपनीत इंजिनिअर आहे, कोणी सिक्युरिटीत, कोणी कॅन्टीनमध्ये. घरात मराठी बोलतात, 14 एप्रिलला पुण्यातल्या मिरवणुकीत आपल्याबरोबर नाचतात. पण आपल्या वस्तीतल्या एखाद्या कामात जातीच्या दाखल्याची वेळ आली की ही मुले गप्प होतात. दाखला कर्नाटकाचा असतो.

सीमाप्रश्नावर मराठीत खूप लिहिले गेले. त्यात भाषा असते, मोर्चे असतात, काळा दिन असतो. बौद्ध आणि इतर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याला ही सीमा नेमकी कुठे अडवते, हे मात्र क्वचितच येते. म्हणून निपाणीची ही माहिती एकत्र करून देत आहे.

स्थान आणि भूगोल

निपाणी हे कर्नाटकातील बेळगावी जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या हद्दीला अगदी लागून असलेले शहर आहे. कोल्हापूरपासून ते सुमारे 40 किलोमीटर आणि बेळगावपासून सुमारे 75 किलोमीटर आहे. म्हणजे स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा शेजारच्या राज्यातले कोल्हापूर जवळ. दवाखाना, बाजार, कॉलेज, सोयरीक या सगळ्यांचा ओढा त्यामुळे कोल्हापूरकडे राहिला. शहराला रेल्वे नाही, सगळा व्यवहार रस्त्याने चालतो. पुणे-बंगळुरू महामार्ग (आताचा राष्ट्रीय महामार्ग 48) शहराला लागूनच जातो. उत्तरेला कोगनोळीचा नाका आणि दक्षिणेला तवंदीचा घाट, या दोन खुणांमध्ये निपाणी येते.

परिसर कृष्णेच्या खोऱ्यातला आहे. वेदगंगा आणि दूधगंगा या नद्या पुढे एक होऊन कृष्णेला मिळतात. काळ्या जमिनीत पूर्वी विडीच्या तंबाखूचे पीक मोठे होते. पाणी आले तसा ऊस वाढला.

प्रशासनाच्या दृष्टीने निपाणी अनेक वर्षे चिकोडी तालुक्यात होती. 2018 पासून निपाणी हा स्वतंत्र तालुका झाला. विधानसभेसाठी निपाणी हा खुला मतदारसंघ आहे. जिल्ह्यातल्या 18 मतदारसंघांपैकी रायबाग आणि कुडची हे दोन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत.

सीमारेषा आली कुठून

1956 पूर्वी निपाणी मुंबई राज्यात होती. राज्य पुनर्रचना कायद्याने 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. त्याच म्हैसूरचे 1973 साली कर्नाटक झाले. 1966 साली केंद्राने महाजन आयोग नेमला. आयोगाच्या 1967 च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड यांसह 264 गावे महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव मात्र कर्नाटकातच राहावे, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. महाराष्ट्र ज्या 865 गावांवर हक्क सांगतो, त्यांत निपाणी आहे.

पण ही रेषा 1956 साली पहिल्यांदा ओढली गेली असे नाही. त्याआधीही इथे एक हद्द होतीच. कागल ही कोल्हापूर संस्थानातली जहागीर आणि निपाणी ब्रिटिश मुलखातल्या बेळगाव जिल्ह्यात. छत्रपती शाहू महाराजांनी 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखल्या आणि 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तो हुकूम कोल्हापूर संस्थानापुरता होता. काही कोसांवरच्या निपाणीतल्या महाराच्या मुलाला तो लागू नव्हता. हद्दीच्या एका बाजूला हक्क आणि दुसऱ्या बाजूला नाही, हा अनुभव या भागातल्या आपल्या लोकांना शंभर वर्षांपूर्वीपासून आहे.

बाबासाहेब आणि निपाणी

21 आणि 22 मार्च 1920 रोजी कागल जहागिरीतल्या माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली. शाहू महाराज तिथे स्वतः आले होते. ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्यानंतर पाच वर्षांनी हद्दीच्या अलीकडे, निपाणीत, एप्रिल 1925 मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाले. ही गोष्ट तेवढी माहीत नाही.

त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यावी. सार्वजनिक विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला होता, पण गावोगाव त्याची अंमलबजावणी नव्हती. बहिष्कृत हितकारिणी सभा 20 जुलै 1924 रोजी स्थापन झाली होती आणि जानेवारी 1925 मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले होते. म्हणजे निपाणीची परिषद महाडच्या सत्याग्रहाच्या दोन वर्षे आधीची, चळवळ शाळा आणि वसतिगृहांपासून पाया घालत होती त्या काळातली आहे. एप्रिल 2025 मध्ये या घटनेला शंभर वर्षे झाली.

बाबासाहेबांचे सहकारी आणि 'डॉ. बाबासाहेबांचा सांगाती' या आठवणींचे लेखक बळवंतराव वराळे हे याच बेळगाव भागातले. 1937 च्या निवडणुकीत ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्यांचे नातू न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांचा जन्म निपाणीचा. 2024 साली ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. एका शहरातल्या एका घरात शिक्षण तीन पिढ्या टिकले की काय होते, याचे हे उदाहरण.

लोकसंख्या

2001 च्या जनगणनेत निपाणी शहराची लोकसंख्या 58,061 होती, 2011 मध्ये 62,865 झाली. दहा वर्षांत वाढ साधारण 8 टक्के. त्याच दशकात कर्नाटकाची वाढ 15.6 टक्के होती. शहराच्या वाढीचा वेग राज्याच्या जवळपास निम्मा, याचा एक सरळ अर्थ तरुण बाहेर पडतात. ते कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे, बेळगाव, बंगळुरूला जातात. हिंजवडीतली मुले त्यातलीच.

शहरात मराठी भाषिक मोठ्या संख्येने आहेत. कन्नड आणि उर्दू बोलणारेही आहेत, आणि बाजारात बहुतेकांना दोन-तीन भाषा येतात. मराठा, लिंगायत, जैन, मुस्लिम, महार-बौद्ध, मातंग, चर्मकार अशा सर्व समाजांची वस्ती आहे. कर्नाटकाच्या अनुसूचित जातींच्या यादीत महार, मांग-मातंग आणि चांभार या तिन्ही जाती आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण "महार ही जात कर्नाटकाच्या यादीत नाही" असा गैरसमज पुण्यात वारंवार ऐकू येतो.

आता बौद्धांची संख्या पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्ध 65,31,200, म्हणजे 5.81 टक्के. कर्नाटकात 95,710, म्हणजे 0.16 टक्के. याच कर्नाटकात अनुसूचित जातींची लोकसंख्या एक कोटीच्या वर, 17 टक्क्यांहून अधिक आहे. सीमाभागात घरात बुद्धवंदना होते, लग्न बौद्ध पद्धतीने लागते, पण कागदावर धर्म हिंदू, असे असंख्य वेळा दिसते. त्यामागे भीती आहे : बौद्ध लिहिले तर सवलत जाईल. ही भीती आता निराधार आहे. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींचा दर्जा बौद्धांनाही मिळाला. ती दुरुस्ती केंद्राची आहे, त्यामुळे कर्नाटकात ती महाराष्ट्राइतकीच लागू आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि तीत सर्व जातींची नोंद होणार आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात आपली जात, या दोन्ही नोंदी एकाच वेळी करता येतात. निपाणी-चिकोडी भागात हे घरोघर जाऊन सांगण्याचे काम आतापासून करावे लागेल.

तंबाखू, विडी आणि बायकांचे काम

निपाणीच्या शाळांबद्दल बोलताना तंबाखू सोडून चालत नाही. पोर शाळेत टिकते की नाही, हे आईच्या मजुरीवर ठरत आले आहे.

मार्च-एप्रिल 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग रोखला. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात 12 शेतकरी मारले गेले. निपाणी म्हटले की बहुतेकांना हे आंदोलन आठवते. पण तंबाखूच्या धंद्यात पिकवणारा आणि विकणारा यांच्याखेरीज चाळणारी बाई होती. वखारीत तंबाखू कुटणे, चाळणे, त्या धुळीत दिवसभर उभे राहणे आणि घरी विड्या वळणे, हे काम करणाऱ्यांत दलित, मुस्लिम आणि देवदासी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. या स्त्रियांनी प्रा. सुभाष जोशी यांच्यासोबत संघटना उभी केली. युगांतर या स्त्रियांच्या गटाने 1982 साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा लघुपट याच निपाणीच्या कामगार स्त्रियांवर केला. अभ्यास मंडळात दाखवण्यासारखा आहे.

सौंदत्तीचे यल्लम्माचे देऊळ याच जिल्ह्यात आहे. कर्नाटकाने देवदासी सोडण्याच्या प्रथेवर 1982 साली कायदा करून बंदी घातली. पण त्या स्त्रियांच्या मुलांना शाळेच्या फॉर्मवरचा 'वडिलांचे नाव' हा रकाना वर्षानुवर्षे आडवा आला. जे पोर त्या रकान्यापाशी अडते, ते पुढे दाखल्यापाशीही अडते.

विडी कामगार म्हणून ओळखपत्र असेल, तर मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळते. इयत्तेप्रमाणे ती वर्षाला 1,000 रुपयांपासून व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी 25,000 रुपयांपर्यंत आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. ही योजना केंद्राची आहे, ती राज्याच्या सीमेवर अडत नाही.

शाळा

कर्नाटकात दहावीची परीक्षा एसएसएलसी आणि अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात. निपाणीत मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी या चारही माध्यमांचे शिक्षण चालते. सरकारी मराठी शाळा कर्नाटक शासनाच्याच आहेत. पुस्तके मराठीत, अभ्यासक्रम कर्नाटकाचा.

भाषेच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, संविधानाच्या कलम 350 अ नुसार भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करणे राज्याचे काम आहे. दुसरी, प्राथमिक शाळेत माध्यमाची सक्ती करणारा कर्नाटकाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे 2014 मध्ये रद्द ठरवला. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा. तिसरी, कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्याने प्रत्येक शाळेत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक आहे.

इथे एक स्पष्ट मत मांडतो. ज्याची शेती, दुकान, ओळख आहे त्याला कन्नड आले नाही तरी चालून जाते. मजुराच्या मुलाला चालत नाही. तहसील कचेरी, समाजकल्याण खाते, पोलीस ठाणे, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळे कन्नडमध्ये. मराठीतून शिकण्याचा हक्क सोडू नये, पण आपल्या मुलांनी कन्नड वाचता-लिहिता येण्याइतके शिकावेच. राज्याची भाषा न येण्याची किंमत वस्तीत सर्वांत जास्त आपल्यालाच द्यावी लागते.

महाविद्यालये : घर कर्नाटकात, वर्ग महाराष्ट्रात

निपाणीचे सर्वांत जुन्या नावाजलेल्या महाविद्यालयांपैकी एक म्हणजे देवचंद कॉलेज. ते चालवते निपाणीचे जनता शिक्षण मंडळ. पण कॉलेज आहे अर्जुननगरला, आणि अर्जुननगर येते कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात. त्यामुळे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीच्या विद्यार्थ्याला तिथे पोचायला शहराबाहेर पडून थोडेच अंतर जावे लागते, पण तेवढ्यात राज्य बदलते. शहरातलेच जी. आय. बागेवाडी महाविद्यालय केएलई संस्थेचे आहे आणि ते बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत येते. एकाच गल्लीतले दोन मित्र दोन राज्यांच्या दोन विद्यापीठांत शिकतात.

मराठीतून शिकू इच्छिणाऱ्या पिढ्यांना अर्जुननगरने आधार दिला, हे मान्यच करायला हवे. मात्र अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने ही हद्द ओलांडताना पुढचा भाग नीट समजून घ्यावा.

दाखला : खरा अडथळा इथे आहे

अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव खटल्यात (1990) सांगितले की एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला, तर तिथे त्याला त्या राज्याचे आरक्षण मिळत नाही, जातीचे नाव दोन्ही याद्यांत तेच असले तरी. 2018 च्या बीर सिंग निकालात घटनापीठाने राज्यांच्या नोकऱ्यांबाबत हेच कायम ठेवले.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय? निपाणीचा बौद्ध तरुण पंधरा वर्षांपूर्वी हिंजवडीत आला. मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, बारावीला चांगले गुण मिळवले. महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत तिची जात महार आहे, पण ती महाराष्ट्राची अनुसूचित जात नाही. ती खुल्या वर्गात मोजली जाते. फी पूर्ण भरावी लागते. माझ्याकडे अशी कुटुंबे आली आहेत. त्यांना हे कळते प्रवेशाच्या खिडकीपाशी, कागदपत्र तपासणीच्या दिवशी. तोवर उशीर झालेला असतो. गावात ज्या जातीमुळे वेगळा कप मिळाला, ती जात इथे कागदावर चालत नाही, पण भाड्याची खोली शोधताना मात्र बरोबर ओळखली जाते.

म्हणून नेमके काय मिळते आणि काय नाही, ते असे :

- केंद्रीय नोकऱ्या आणि केंद्रीय शिक्षणसंस्था : कर्नाटकाच्या दाखल्यावर अनुसूचित जातीचा लाभ देशभर मिळतो. रेल्वे, बँका, यूपीएससी, आयआयटी यांसाठी दाखला पूर्ण चालतो.
- मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : केंद्राच्या योजनेनुसार विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, त्या राज्याने शिष्यवृत्ती द्यायची, शिक्षण दुसऱ्या राज्यात असले तरी. उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख रुपये. अर्जुननगरला शिकणाऱ्या निपाणीच्या विद्यार्थ्याने महाडीबीटीवर नव्हे, कर्नाटकाच्या राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा.
- महाराष्ट्राच्या राज्य योजना : स्वाधारसारख्या योजनांना महाराष्ट्राचे रहिवासी असण्याची अट आहे.
- महाराष्ट्रातले व्यावसायिक प्रवेश : वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी नियमांत स्वतंत्र प्रकार आहे. त्याने महाराष्ट्रात अर्ज करण्याची पात्रता मिळते. त्याला अनुसूचित जातीचे आरक्षण समजू नये.
- महाराष्ट्र शासनाची नोकरभरती : 865 गावांतले मराठी भाषिक उमेदवार 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला देऊन अर्ज करू शकतात. आरक्षणाचा मुद्दा वेगळा. जाहिरातीतली ती ओळ प्रत्येक वेळी वाचावी.
- स्थलांतरिताचा दाखला : वडिलांच्या मूळ राज्याच्या दाखल्यावरून राहत्या राज्यातही जातीचा दाखला मिळू शकतो. त्यावर मूळ राज्याची नोंद असते, उपयोग केंद्रीय लाभांसाठी होतो.

कायद्यात वाट आहे का

आहे, पण ती अजून पुढे न्यावी लागेल. स्वतःहून राज्य बदलणे आणि पायाखालचे राज्य बदलले जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निपाणीचा महार 1950 साली, पहिली यादी निघाली तेव्हा, मुंबई राज्यात होता. तो कुठे गेला नाही. 1956 साली सीमा त्याच्यावरून गेली.

सुधाकर विठ्ठल कुंभारे खटल्यात (2004) सर्वोच्च न्यायालयापुढे पांढुर्णा भागातल्या हलबा माणसाचा असाच प्रश्न आला होता. जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड विभागला गेल्यावर त्याचे गाव मध्य प्रदेशात राहिले होते. पुनर्रचनेमुळे विभागल्या गेलेल्या प्रदेशातल्या माणसाला स्थलांतराचा नियम जसाच्या तसा लावता येईल का, याचा वेगळा विचार करावा लागेल, असे न्यायालयाने म्हटले. 2021 च्या पंकज कुमार निकालात बिहार-झारखंडबाबत न्यायालयाने सांगितले की अशा माणसाला दोन्हींपैकी कोणत्याही एका राज्यात आरक्षण घेता येईल, एकाच वेळी दोन्हीकडे नाही. तो निकाल बिहार पुनर्रचना कायद्यातल्या तरतुदीवर उभा आहे, त्यामुळे 1956 च्या सीमाभागाला तो आपोआप लागू होत नाही. पण तत्त्व तेच आहे. सीमाभागातल्या अनुसूचित जातींसाठी दोन्ही राज्यांनी परस्पर मान्यता द्यावी, ही मागणी त्याच तत्त्वावर करता येते. महाराष्ट्र जर म्हणतो की 865 गावे आमची, तर त्या गावांतला महार, मातंग, चांभारही आमचा, हे महाराष्ट्राने शासन निर्णयात लिहून द्यावे.

आपल्या शाखांनी आता काय करावे

हिंजवडी, वाकड, पिंपरी-चिंचवड भागातल्या विहारांत सीमाभागातून आलेल्या कुटुंबांची यादी करावी. मुले आठवी-नववीत असतानाच पालकांना दाखल्याचा नियम सांगावा, म्हणजे दहावी किंवा बारावी कुठल्या राज्यात करायची हे ते समजून ठरवतील. 1956 पूर्वीचे कागद, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, जन्मनोंद, निपाणी-चिकोडीतून आत्ताच काढून ठेवावेत. ते मुंबई राज्याचे कागद आहेत आणि पुढच्या कोणत्याही दाव्यात तेच बोलतील. कन्नड वाचता येणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक शाखेने जोडून घ्यावा.

1925 साली बाबासाहेब निपाणीला आले, तेव्हा हद्दीच्या अलीकडचे आणि पलीकडचे अस्पृश्य एकाच मांडवात बसले होते. आज तो मांडव आपण विहारात घालू शकतो.

जय भीम, नमो बुद्धाय.